माशांचे परजीवी आणि अतिनील दिवा : कुठे उपयोगी, कुठे वाया



शोभिवंत माशांचा जोडधंदा आता बऱ्याच गावांत पोचला आहे. परसात सिमेंटच्या चार-सहा टाक्या बांधायच्या, त्यांत गप्पी, मॉली, प्लॅटी, गोल्डफिश वाढवायचे आणि तालुक्याच्या किंवा शहरातल्या दुकानदाराला द्यायचे. काहींच्या घरी ओसरीवर हौसेची काचेची पेटी असते, आणि पुष्कळदा धंद्याची सुरुवात त्या पेटीपासूनच होते. जागा थोडी लागते आणि घरातल्या बायामाणसांना, शाळकरी मुलांनाही काम सांभाळता येते.

पण या धंद्यात एक मोठी धास्ती आहे. नवे मासे आणून सोडावेत, चार दिवसांनी त्यांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसावेत, मासे दगडाला अंग घासू लागावेत आणि आठवड्या-दहा दिवसांत टाकी रिकामी व्हावी, असे अनेकांच्या बाबतीत घडते. मग दुकानदार सांगतो, "यूव्ही दिवा बसवा, पाण्यातले सगळे जंतू मरतील." दिवा, त्याची नळी, पंप असा खर्च होतो. तरीही पुढच्या खेपेला मासे मरतात, आणि "दिवा बोगस निघाला" असे म्हणून तो माळ्यावर जातो.

दिवा बोगस नसतो. त्याला जे काम जमत नाही ते आपण सांगितलेले असते. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्या : हा दिवा फक्त त्याच्या जवळून वाहणाऱ्या पाण्यातला जीव मारतो. माशाच्या अंगात शिरलेला किंवा टाकीच्या तळाला चिकटलेला जीव त्याला सापडत नाही. या पत्रकातली बाकीची सगळी माहिती या एका गोष्टीवर उभी आहे.

हा दिवा म्हणजे काय?

आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात जांभळा रंग हा एका टोकाचा. त्याच्याही पलीकडे जे किरण आहेत ते अतिनील किरण. ते डोळ्यांना दिसत नाहीत. उन्हात जंतू मरतात हे इंग्लंडमधल्या डाउन्स आणि ब्लंट या शास्त्रज्ञांनी १८७७ साली दाखवून दिले. १९१० साली फ्रान्समधल्या मार्सेय शहरात पिण्याचे पाणी निर्जंतुक करण्यासाठी अतिनील दिव्याचा वापर झाला. आज घरोघरी भिंतीवर पाणी शुद्ध करण्याची जी यंत्रे दिसतात, त्यांतल्या बऱ्याच यंत्रांत हाच दिवा असतो.

माशांसाठीच्या यंत्राची रचना साधी असते. मध्ये पाऱ्याच्या वाफेचा दिवा, त्याभोवती क्वार्ट्झ काचेची नळी, तिच्याभोवती बंद डबा. डब्याच्या एका तोंडाने पाणी आत येते, दिव्याला वळसा घालून दुसऱ्या तोंडाने बाहेर पडते. साधी काच हे किरण अडवते, म्हणून नळी क्वार्ट्झचीच लागते. दिव्यातून निघणाऱ्या किरणांची लांबी सुमारे २५४ नॅनोमीटर असते. जीवाच्या पेशीत त्याच्या वाढीचा आणि वंशाचा सगळा आराखडा असतो. हे किरण तो आराखडाच बिघडवतात. मग तो जीव मरतो, किंवा जगला तरी त्याची वाढ पुढे होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, "एवढं कडक ऊन आपल्याकडे असताना दिवा कशाला?" तर जंतू झटपट मारणारे हे आखूड किरण उन्हातून जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. वातावरणाच्या वरच्या भागातला ओझोन ते शोषून घेतो. मात्र उन्हाचा दुसरा उपयोग मोठा आहे, तो म्हणजे वाळवण्याचा. त्याबद्दल पुढे सांगितले आहे.

परजीवीचा संसार : गोठ्यातली गोचीड आठवा

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एका अतिसूक्ष्म, एकपेशी परजीवीमुळे होतो. त्याचे शास्त्रीय नाव इक्थिऑप्थिरियस मल्टिफिलिस. या नावाचा अर्थ मोठा बोलका आहे : 'पुष्कळ पोरांची, माशावरची ऊ'. त्याचे आयुष्य आपल्या गोठ्यातल्या गोचिडीसारखे असते. गोचीड जनावराचे रक्त पिऊन फुगते, गळून पडते, गोठ्याच्या फटीत अंडी घालते आणि तिची पिल्ले पुन्हा जनावरावर चढतात. हा परजीवीही तसाच तीन मुक्काम करतो.

पहिला मुक्काम माशाच्या अंगात. तो कातडीच्या आणि कल्ल्यांच्या वरच्या थराखाली शिरून बसतो आणि माशाला खाऊन वाढतो. आपल्याला जो पांढरा ठिपका दिसतो तो वाढलेला परजीवी. पूर्ण वाढ झाल्यावर तो एक मिलिमीटरपर्यंत भरतो. त्याच्यावर माशाच्याच कातडीचे पांघरूण असते. त्यामुळे पाण्यात टाकलेले औषध त्याच्यापर्यंत धड पोचत नाही, मग दिवा कुठून पोचणार?

दुसरा मुक्काम तळावर. पोट भरले की ठिपका माशाला सोडतो, खाली पडतो, वाळूला, दगडाला किंवा भिंतीला चिकटतो आणि स्वतःभोवती कोष करतो. त्या कोषात एकाचे दोन, दोनाचे चार असे करीत शेकडो पिल्ले तयार होतात. कधी ही संख्या हजाराच्या घरात जाते. पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर साधारण एका दिवसात हे काम उरकते.

तिसरा मुक्काम पाण्यात. कोष फुटतो आणि पिल्ले पोहत माशाचा शोध घेऊ लागतात. साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर बहुतेक पिल्ले मरतात. तिन्ही मुक्कामांपैकी हा एकच उघड्यावरचा आहे. दिवा मारू शकेल तो इथेच, आणि मीठ किंवा औषधाचा खरा गुणही इथेच येतो.

कापसाच्या बोंडात गुलाबी अळी शिरली की वरून मारलेली फवारणी तिला लागत नाही, म्हणून आपण आधीच कामगंध सापळे लावून पतंगावर नजर ठेवतो. इथेही तोच न्याय लावा.

हा सगळा फेरा पाणी २५ अंशांच्या आसपास असताना चार ते सहा दिवसांत पुरा होतो. थंड पाण्यात त्याला कितीतरी अधिक दिवस लागतात. म्हणून हिवाळ्यात "ठिपके गेले" असे वाटून उपचार बंद केला तर रोग दबा धरून राहतो आणि उलटून येतो.

दिव्याच्या तावडीत कोण सापडतो, कोण नाही?

सगळे परजीवी एका मापाचे नाहीत. मुख्य मुख्य पाहू.

पांढरे ठिपके : वर सांगितल्याप्रमाणे पोहणारी पिल्ले दिव्याला सापडतात. ठिपके आणि कोष सापडत नाहीत.

मखमली रोग : माशाच्या अंगावर सोनेरी-पिवळसर धूळ बसल्यासारखी दिसते. बॅटरीचा झोत बाजूने टाकला की चटकन ओळखू येते. याचीही पिल्ले पाण्यात पोहतात, त्यामुळे इथेही दिव्याचा काही अंशी उपयोग होतो.

चपटे कृमी : हे कल्ल्यांवर आणि अंगावर आकड्यांनी घट्ट चिकटतात. मासा एका बाजूचा कल्ला मिटून धरतो, धापा टाकतो. यांतली एक जात अंडी घालते. दुसरी जात थेट पिल्ले देते आणि एका माशावरून दुसऱ्या माशावर जाते. ही दुसरी जात दिव्याकडे सहसा फिरकतच नाही. इथे दिव्यावर भरवसा ठेवू नये.

माशांची ऊ : ही काही मिलिमीटरची, चपटी आणि पारदर्शक असते. नुसत्या डोळ्यांनी दिसते. गोल्डफिश, कोई आणि तळ्यातल्या रोहू-कटलावरही आढळते. हिची अंडी कठीण वस्तूंवर ओळीने चिकटवलेली असतात. दिव्याचा इथे उपयोग नाही.

नांगर कृमी : धाग्यासारखा अंगातून बाहेर लोंबतो, डोके मांसात रुतलेले असते. याची लहान पिल्ले पाण्यात असतात खरी, पण मोठ्या कृमीवर दिव्याचा काही परिणाम नाही.

पोटातले जंत : यांचा दिव्याशी संबंध नाही.

दुसरी गोष्ट मात्रेची. किरणांची मात्रा मोजताना दर चौरस सेंटीमीटरला किती मायक्रोवॅट-सेकंद ताकद पडली ते पाहतात. पाण्यातले पुष्कळ जिवाणू आणि पाणी हिरवे करणारे शेवाळ साधारण तीस हजारांच्या आसपास आटोक्यात येते. पांढऱ्या ठिपक्याच्या पिल्लांना एक लाख आणि त्याहूनही अधिक मात्रा लागते. म्हणजे हिरवे पाणी नितळ झाले याचा अर्थ परजीवी मेले असा होत नाही. इथेच बहुतेकांची फसगत होते.

एक पेटी आणि अनेक टाक्या : फरक ओळखा

घरात एकच काचेची पेटी आहे आणि तिच्यात रोगी मासा आहे, असे समजा. तळावरचा कोष फुटला, पिल्ले बाहेर पडली. मासा वीतभर अंतरावर आहे आणि दिवा नळीच्या पलीकडे, डब्यात. पिल्लांना आधी कोण भेटणार? मासाच.

त्यातही दिव्यातून गेलेले पाणी परत त्याच पेटीत येऊन न गेलेल्या पाण्यात मिसळते. हंडाभर गुळाच्या पाण्यात वरून साधे पाणी सोडत राहिलो आणि खालून तेवढेच काढत राहिलो, तर एक हंडा पाणी ओतून झाल्यावरही गोडी पुरी जात नाही, तसेच हे. ३०० लिटरच्या पेटीतून ताशी ३०० लिटर पाणी दिव्यातून फिरवले तर हिशोब असा येतो : एका तासानंतर दर शंभर लिटरमागे सुमारे ३७ लिटर पाणी दिव्यातून एकदाही गेलेले नसते. तीन तासांनी सुमारे ५ लिटर उरते. पाच तासांनी एक लिटरहून कमी. तेवढ्या वेळात पिल्लांना मासा सहज सापडतो. म्हणून एका पेटीत दिव्याने पिल्लांची संख्या घटते, रोगाचा जोर थोडा कमी होतो, पण रोग मुळासकट जात नाही.

आता दुसरे चित्र पाहा. तुमच्या दहा टाक्या आहेत. सर्वांचे पाणी एका नळीने खालच्या हौदात येते, गाळणीतून जाते आणि पंपाने पुन्हा दहाही टाक्यांत वाटले जाते. एका टाकीत रोग शिरला की पाण्याबरोबर पिल्ले बाकी नऊ टाक्यांत पोचतात. इथे वाटपाच्या नळीआधी दिवा बसवला तर प्रत्येक थेंबाला दुसऱ्या टाकीत जाण्यापूर्वी दिव्यासमोरून जावेच लागते. गावाच्या वेशीवर नाका बसवावा तसे हे आहे. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नेमके हेच दिसले : एकाच पाण्यावर चालणाऱ्या अनेक पेट्यांत पांढऱ्या ठिपक्यांचा प्रसार एका पेटीतून दुसऱ्या पेटीत होणे दिव्याने थांबवता आले. रोगी पेटीतल्या माशांना मात्र वेगळा उपचार करावाच लागतो.

म्हणून नियम असा धरा. टाक्यांचे पाणी एकमेकांत फिरत असेल, बीजोत्पादन करीत असाल, तर दिव्याचा खर्च भरून निघू शकतो. टाक्या सुट्या सुट्या असतील, पाणी एकमेकांत जात नसेल, तर आधी मीठ, वेगळी टाकी आणि स्वच्छता यांवर भर द्या. दिव्याचे पैसे तूर्त राखून ठेवा.

शेततळ्यात दिवा लावू नये

काही बंधू विचारतात, "शेततळ्यात रोहू-कटला आहेत, तिथे दिवा चालेल का?" हिशोब करून पाहू. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल शेततळ्यात, उतार धरून, सुमारे वीस लाख लिटर पाणी मावते. ताशी ३०० लिटरच्या दिव्यातून तेवढे पाणी एकदा फिरवायला रात्रंदिवस चालवूनही नऊ महिन्यांहून अधिक लागतील. शिवाय तळ्याचे पाणी गढूळ आणि हिरवट असते. अशा पाण्यात किरण बोटभरही नीट शिरत नाहीत. तेव्हा तो विचार सोडून द्यावा.

तळ्यात माशांची ऊ झाली असेल तर बांबू किंवा लाकडी फळ्या पाण्यात उभ्या करून ठेवाव्यात. ऊ त्यांच्यावर अंडी घालते. दर आठवड्याला फळ्या बाहेर काढून कडक उन्हात वाळवाव्यात आणि पुन्हा ठेवाव्यात. खाण्याच्या माशांच्या तळ्यात कोणतेही औषध मत्स्य अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय टाकू नये. मॅलेकाइट ग्रीन तर खाण्याच्या माशांसाठी कदापि वापरू नये, त्यावर बंदी आहे.

दिवा घ्यायचाच, तर असा घ्या आणि असा बसवा

१. खोक्यावरचा आकडा नीट वाचा. 'ताशी ९०० लिटर' असे लिहिले असेल तर तो आकडा बहुधा हिरवे पाणी नितळ करण्यासाठी असतो. परजीवींसाठी त्याच्या एक-तृतीयांश, म्हणजे ताशी ३०० लिटर किंवा त्याहून कमी प्रवाह ठेवा. पाणी निम्म्या वेगाने गेले की दुप्पट किरण खाते.

२. प्रवाह मोजायला यंत्र लागत नाही. दिव्यातून बाहेर पडणारे पाणी १० लिटरच्या बादलीत धरा. बादली भरायला दोन मिनिटे लागली तर प्रवाह ताशी ३०० लिटर. एका मिनिटात भरली तर ताशी ६०० लिटर, म्हणजे वेग जास्त आहे. कॉक थोडा दाबा.

३. दिवा नेहमी गाळणीच्या पुढे बसवा. आधी गाळणी, मग दिवा, मग टाकी. पाण्यात घाण तरंगत असेल तर तिच्या सावलीत परजीवी सुखरूप पलीकडे जातो.

४. विंधन विहिरीचे पाणी जड असेल तर क्वार्ट्झच्या नळीवर पांढरा क्षार बसतो. स्टोव्हवरच्या पातेल्याला बसतो तसाच. नळी महिन्याला एकदा तरी काढून लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने पुसा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि मग बसवा.

५. दिवा पेटतो म्हणजे काम करतो असे समजू नका. निळसर उजेड दिसत राहतो, पण न दिसणारे किरण हळूहळू मंदावतात. अशा दिव्याचे कामाचे आयुष्य साधारण आठ ते नऊ हजार तास, म्हणजे सतत चालवल्यास सुमारे एक वर्ष. बसवल्याची तारीख डब्यावर रंगाने लिहून ठेवा आणि वर्षाने दिवा बदला.

६. विजेचा हिशोब आधीच करा. ११ वॉटचा दिवा आणि १४ वॉटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला सुमारे १८ युनिट वीज लागते. वीज गेली की नाका उघडा पडतो, हेही ध्यानात ठेवा.

७. पाण्यात औषध टाकाल तेव्हा दिवा बंद ठेवा. हे किरण काही औषधे मोडून टाकतात आणि औषधाचा पैसा वाया जातो. मिठाला मात्र काही होत नाही.

एक शंका हमखास निघते : "गाळणीतले चांगले जिवाणू मरणार नाहीत का?" नाही. माशांच्या मलमूत्रातला अमोनिया पचवणारे ते जिवाणू गाळणीच्या खड्यांना आणि स्पंजला चिकटून राहतात. ते दिव्यासमोर येत नाहीत. पण दिवाही अमोनिया काढत नाही. पाणी बदलणे आणि गाळणी राखणे चुकत नाही.

डोळे आणि जीव सांभाळा

पेटलेल्या दिव्याकडे कधीही थेट पाहू नका. वेल्डिंगचा उजेड पाहिल्यावर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, तोच प्रकार इथे होतो. कातडीही भाजते. डबा उघडण्यापूर्वी दिव्याचा प्लग काढा. नुसते बटण बंद करून भागवू नका. बाजारात उघडा दिवा थेट पेटीत सोडण्यासाठी मिळतो, तो घेऊ नका. त्याने माशांना, झाडांना आणि पाहणाऱ्या मुलांना इजा होते. नुसत्या निळ्या रंगाचे शोभेचे दिवेही 'यूव्ही' म्हणून विकले जातात. त्यांनी परजीवी मरत नाहीत.

पाणी आणि वीज एकत्र आहेत. अर्थिंग पक्के ठेवा आणि गळतीची वीज तोडणारा स्विच बसवून घ्या. तार प्लगच्या खाली झोळीसारखी सोडा, म्हणजे तारेवरून ओघळलेले पाणी प्लगात न जाता खाली टपकेल. टाकीत हात घालण्यापूर्वी पंप आणि दिवा दोन्ही बंद करा. दिवा फुटला तर त्यात पारा असतो. खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, काचा हातमोजे घालून गोळा करा. केरसुणीने झाडू नका.

ठिपके दिसले तर काय करावे?

दिवा असो वा नसो, पांढरे ठिपके दिसताच पुढील उपाय सुरू करावा. एका माशावर ठिपके दिसले तर साऱ्या टाकीलाच लागण झाली आहे असे समजावे.

जाडे मीठ दर लिटरला ३ ग्रॅम या प्रमाणात घ्यावे. म्हणजे १०० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम. एकदम टाकू नये. तीन भाग करून, प्रत्येक भाग पाण्यात विरघळवून, दीड दिवसात टाकावा. गप्पी, मॉली, प्लॅटी, गोल्डफिश यांना हे प्रमाण सोसते. बिनखवल्याच्या मांजरमाशांच्या जातींना आणि पाणवनस्पतींना ते सोसत नाही. त्यांना आधी बाजूला काढावे, पण रोगी टाकीतल्या माशांना निरोगी टाकीत टाकू नये.

रोज सकाळी नळीने तळाची घाण ओढून काढावी. तिच्याबरोबर कोषही बाहेर जातात. जेवढे पाणी काढले तेवढे नवे भरावे आणि तेवढ्याच पाण्याचे मीठ घालावे.

गप्पी, मॉली, प्लॅटी अशा उष्ण पाण्यातल्या माशांच्या पेटीत हीटर असेल तर पाणी हळूहळू, तासाला एक अंश या बेताने, ३० अंशांपर्यंत न्यावे. या उष्णतेत परजीवीची वाढ खुंटते. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो, म्हणून हवेचा पंप सतत चालू ठेवावा. गोल्डफिशच्या पाण्याला अशी उष्णता देऊ नये, त्यांना मीठच पुरे.

शेवटचा ठिपका नाहीसा झाल्यावरही आठवडाभर उपचार चालू ठेवावा. ठिपका गेला म्हणजे परजीवी मेला असे नव्हे, तो तळावर कोषात असू शकतो. पुष्कळ लोक नेमके इथेच थांबतात आणि पंधरा दिवसांत पुन्हा तिथेच येतात.

रोग दारातच अडवा

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एक रिकामी टाकी. नवे मासे आणले की त्यांना किमान तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. तिची जाळी, बादली, नळी वेगळी असू द्या. नव्या बैलजोडीला आपण लगेच गोठ्यात बांधत नाही, इथेही तसेच करायचे. दुकानातल्या पिशवीतले पाणी टाकीत ओतू नका, फक्त मासे घ्या.

पाणी शक्यतो विहिरीचे किंवा विंधन विहिरीचे वापरा. ज्यात मासे राहतात त्या ओढ्या-कालव्याच्या पाण्याबरोबर परजीवी येतात. गटारातून गोळा केलेले जिवंत खाद्य रोग आणू शकते, ते टाळा.

जाळ्या आणि रिकाम्या टाक्या उन्हात खडखडीत वाळवा. उन्हाळी नांगरट करून आपण जमीन तापवतो, तिथे कीड मरते. टाकीलाही तसे ऊन दाखवा. टाकी रिकामी करणे शक्य नसेल तर सगळे मासे काढून ती पाण्यासह दोन आठवडे माशांविना ठेवा. आपल्या उष्ण हवेत कोष फुटतील, पिल्ले निघतील आणि मासा न मिळाल्याने मरून जातील. यात पैसा लागत नाही, फक्त धीर लागतो.

हिवाळ्यात विशेष जपा. रात्रीत पाणी एकदम गार झाले की माशाची ताकद घटते आणि ठिपक्यांचा रोग उचल खातो. टाक्यांवर रात्री झाप किंवा ताडपत्री टाका.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. दिवा वाहत्या पाण्यातला जीव मारतो. माशावरचा आणि तळावरचा जीव मारत नाही.

२. एकाच पाण्यावर अनेक टाक्या असतील तर दिवा उपयोगी. सुट्या पेटीत त्याचा लाभ थोडा. शेततळ्यात मुळीच नाही.

३. प्रवाह मंद, पाणी गाळलेले, नळी स्वच्छ, दिवा वर्षाच्या आतला. या चार गोष्टी नसतील तर दिवा केवळ शोभेचा.

४. नवे मासे तीन आठवडे वेगळे.

५. ठिपके गेल्यावरही आठवडाभर उपचार चालू.

रोग ओळखता आला नाही तर अंदाजाने औषध टाकू नका. नुकताच मेलेला मासा बर्फात ठेवून, आणि टाकीचे पाणी स्वच्छ बाटलीत भरून, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात दाखवा. कोकणातल्या बंधूंना रत्नागिरीजवळच्या शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयाचा, विदर्भातल्या बंधूंना नागपूरच्या आणि मराठवाड्यातल्या बंधूंना उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयाचा सल्ला घेता येईल. सूक्ष्मदर्शकाखाली कल्ल्याचा एक तुकडा पाहिला की कोणता परजीवी आहे ते कळते. मग दिवा घ्यायचा की नुसते मीठ आणायचे, हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.